घर नंबर सतरा, धनगर गल्ली

१४ ऑक्टोबर १९५७, सोमवार

साताऱ्याहून निघताना ठरवलं होतं की नव्या नोकरीची नोंद रोज ठेवायची. पहिले अकरा दिवस ढेकूण आणि पोट यांतच गेले, त्यांची नोंद ठेवून कुणाचं भलं होणार होतं? आजपासून सुरुवात.

गाव वाईट आहे, म्हणजे माझ्या कामाचं आहे. मोंढ्यातून, म्हणजे इथल्या आडतबाजारातून, कापसाची गाडी स्टेशनवर न्यायची तर सारा गाव फिरून जावं लागतं, कारण मध्ये धनगर गल्ली आडवी पसरली आहे. निजामाच्या राज्यात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता हा मुलूख मुंबई राज्यात आला, आता वाटायला हवं. नगरपालिका ‘नवी पेठ’ करणार आहे: बावन्न फुटी रस्ता, दोन्ही अंगांना दुकानं, मध्ये चौक. आखणी माझ्याकडे. सत्ताविसाव्या वर्षी एक अख्खी पेठ हाती येणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

नगराध्यक्ष आबासाहेब. स्टेशनजवळची जिनिंग फॅक्टरी त्यांचीच. पहिल्याच भेटीत म्हणाले, “दिनकरराव, तुमच्यासारखा माणूस मिळाला, हे आमच्या गावाचं नशीब.” पट्टेवाला सांगतो की आधीच्या ओव्हरसियरलाही ते हेच म्हणाले होते. पट्टेवाल्यांना फार डोक्यावर चढवू नये.

खोली मात्र धनगर गल्लीतच मिळाली. घरमालकीण केवळाबाई, पन्नाशीपुढची विधवा. बारा मेंढ्या, गावाबाहेर थोडं वावर, एकच मुलगी, ती चुडाव्याला दिलेली. जेवणाचं काही ठरवू या म्हटलं तर म्हणाली, “भाकरीचं काय ठरवायचं आसतंय लेकरा? मी काय खानावळ मांडलीय का?” त्यामुळे ठरवलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

साखळी टाकून मोजणी पुरी केली. रस्त्यासाठी दोन रेघा निघतात. पहिली जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या पडीक जागेतून जाते. तिथं नुसत्या बाभळी आहेत, एकही घर पडत नाही. दुसरी धनगर गल्लीतून जाते. एकेचाळीस घरं पडतात आणि रस्ता ऐंशी फूट लांबतो. पहिली रेघ पक्की केली. शाळकरी पोरानंही तीच केली असती.

नोंदीसाठी गल्लीतल्या घरांवर गेरूनं नंबर घातले. गल्लीत बाप्ये घोंगड्यांचा ताणा लावून उभे होते, त्याखालून वाकून वाकून जावं लागलं. मेंढ्यांचा वास शर्टाला बसला तो दोन धुण्यांनी गेला नाही. केवळाबाईच्या दाराला सतरा नंबर आला. तिनं लगेच त्या आकड्यावर हळद वाहिली. “सरकारनं दारावर लिवलंय, म्हंजी काईतरी चांगलंच आसंल,” म्हणाली. मी हसू दाबलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीत आबासाहेबांकडे फराळाला बोलावणं होतं. नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाले, “रेघ झकास काढलीत. पण फॅक्टरीमागं काळी माती आहे. पावसाळ्यात रस्ता खचला तर नाव तुमचं जाईल.”

आज तिथं खोदून पाहिलं. खरंच काळी माती. इथं सगळीकडेच काळी माती आहे म्हणा, धनगर गल्लीतही तीच. पण गल्लीतली माती पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांनी तुडवून घट्ट केलेली आहे. तांत्रिक कारण चांगलं पक्कं मिळालं. दुसरी रेघ घेतली.

पट्टेवाला म्हणाला की फॅक्टरीमागच्या जागेवर आबासाहेब नवं गोदाम बांधणार आहेत. असेल. जगात योगायोग असतात. मार्चअखेर काम सुरू झालं तर माझी नेमणूक कायम करण्याची शिफारस आबासाहेब स्वतः करणार आहेत, हे मात्र पट्टेवाल्याला ठाऊक नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

गल्लीवाल्यांना कुणकुण लागली. आठ-दहा जण कागदांची बोचकी घेऊन खोलीवर आले. पुढे सटवाजी. हा तेवीस नंबरचा, चाळिशीचा, आवाज जरा जास्तच खणखणीत. म्हातारा आंधळा बाप उमाजी याच्याच घरी असतो.

“सायेब, हे आमच्या आज्ज्याच्या टायमाचे कागद हायेत. मोहोर बगा.”

सगळे उर्दूत. मी म्हटलं, “मला उर्दू येत नाही. मराठीत आणा.”

“त्यो मराठीत कसा येईल सायेब? त्यो तर तवाच लिवून झालाय.”

बोलणं बरोबर होतं, त्याचाच राग आला. मी बोचकी परत बांधायला लावली. नगरपालिकेत एक म्हातारा कारकून उर्दू वाचतो. पण त्याला बोलावण्याचं मी काय म्हणून सुचवू? त्यांनी सुचवलं नाही.

केवळाबाई आतून आली आणि त्यांच्यावरच घसरली. “कामून वरडायलाव रे त्याच्यावर? हे लेकरू रोज माज्या हातची भाकर खातंय. ते वाकडं लिवायचं न्हाई. त्याला समदं खरं खरं सांगा.” तेव्हापासून लोक खरोखरच सांगायला लागले आहेत: कोण मेंढरं घेऊन चार-चार महिने रानात असतं, कोणाचं दार कधी बंद असतं, कोण मोलमजुरीला कुठं जातं. मी सगळं टिपून ठेवतो. माहिती कधी वाया जात नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

जिल्ह्याहून डेप्युटी कलेक्टरांचं पत्र आलं आणि सगळं मुसळ केरात. ज्या घरात माणसं राहतात त्या प्रत्येक घरवाल्याचं म्हणणं ऐकायचं, त्याला तेवढीच दुसरी जागा आधी द्यायची, मग घर पाडायचं. घर बंद आणि ओस असेल तर मात्र दोन पंचांसमोर पंचनामा करून नगरपालिकेनं ते सरळ ताब्यात घ्यावं. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत कित्येक घरं बेवारस पडली, त्यांच्यासाठी हे कलम आहे.

आमच्या गल्लीत एकेचाळीसच्या एकेचाळीस घरांत माणसं आहेत. म्हणजे तीन वर्षं तरी गेली. आबासाहेबांनी पत्र वाचलं, घडी केली आणि मला ‘ओव्हरसियर’ म्हणून हाक मारली. दोन महिने ‘दिनकरराव’ ऐकल्यावर ती हाक फार लागली.

१७ डिसेंबर, मंगळवार

जेवताना केवळाबाई म्हणाली, “शनिवारी येळवस हाय. तू आमच्यासंगं वावरात यायचं बरं का. आदुगरच सांगायलेय, मंग कामाचं सांगू नको.”

येळवस म्हणजे काय, विचारलं. आमच्याकडे हा सण नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करायची, भज्जी-आंबील-उंड्यांचं जेवण रानातच करायचं. ज्याला वावर नाही त्याला दुसरा आपल्या वावरात नेतो. कुणी घरी राहायचं नसतं.

“त्या दिशी आक्ख्या गल्लीत कुत्रंबी सापडायचं न्हाई तुला,” ती हसत म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. जेवण टाकून उठलो तर तिला वाटलं भाजीत तिखट जास्त पडलं.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हा सण त्यांचाही आहे, तरी त्यांना सुचलं नव्हतं. मग म्हणाले, “बसा, दिनकरराव.”

हे खोटं आहे का, याचा विचार येताना वाटेत केला. पंचनामा म्हणजे अमुक दिवशी अमुक वेळी जे दिसलं ते लिहिणं. जे दिसेल तेच मी लिहीन. दिवस कोणता घ्यावा हे कुठल्याच कायद्यात सांगितलेलं नाही.

केवळाबाईला सांगितलं, ऑफिसचं काम निघालं. “सनाच्या दिशी कसलं मेलं काम,” ती म्हणाली आणि झोपेपर्यंत माझ्या ऑफिसला शिव्या देत होती.

२१ डिसेंबर, शनिवार

उजाडतानाच गाड्या जुंपल्या गेल्या. बायांच्या डोक्यावर टोपल्या, पोरं गाड्यांतून ओरडतायत. जाताना जो तो मला म्हणत होता, “चला की सायेब.” नऊ वाजता गल्लीत माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

पंच म्हणून आबासाहेबांच्या फॅक्टरीतले दोन मुनीम होते. एक मारवाडचा, एक हैदराबादचा, दोघांनाही येळवशीचं सोयरसुतक नाही. एक नंबरपासून सुरुवात केली. इथं कुलूप लावायची पद्धतच नाही, नुसती बाहेरून कडी. लिहिलं: दार बंद, हाक मारता उत्तर नाही, घर निर्जन. दर घराला पाच मिनिटं.

सतरा नंबरला अडचण आली. केवळाबाई वावरात. पण त्या घरात मी राहतो आणि मी तर जागेवर हजर होतो. त्याला ओस म्हणणं उघड खोटं झालं असतं आणि खोटं लिहिणं मला जमत नाही. म्हणून लिहिलं: घरात माणूस आढळला. वहिवाटदार, दिनकर, ओव्हरसियर. मुनीम हसले. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

तेवीस नंबरची कडी वाजली तसा आतून आवाज आला. “कोन हाय? सटवा का रे?” आंधळा उमाजी बाजेवर होता. त्याला नेलं नव्हतं. मी मुनिमांना बोटानं गप्प केलं. “कोन हाय बाबा? घोटभर पानी दे. माजा हात पोचंना गडव्याला.”

आम्ही तिघं उभे. म्हाताऱ्यानं आणखी दोनदा मागितलं. मला काही राहवलं नाही. कडी काढून आत गेलो, मान उचलून धरली आणि पाणी पाजलं. एक शब्द बोललो नाही. तो माझा हात धरून ठेवत होता, तो सोडवून घ्यावा लागला. कडी घालून बाहेर आलो आणि लिहिलं: दार बंद, घर निर्जन. मारवाडी मुनीम सही करताना अडखळला. मी म्हटलं, दार बंद आहे की नाही? आहे. मग करा सही.

दुपारी दोनला चाळीस घरं ओस पडली.

दिवेलागणीला केवळाबाई परतली ती माझ्यासाठी वेगळं बांधून घेऊनच. “पांडवांच्या म्होरं तुज्या वाटचं काढून ठिवलं. लेकरू उपाशी काम करायलंय मनून माज्या नरड्याखाली घास उतरंना.” भज्जी फार चांगली झाली होती.

८ जानेवारी १९५८, बुधवार

नोटिसा लागल्या. मला वाटलं होतं रडारड होईल. तसं झालं नाही, लोक नुसते नोटिशीसमोर उभे राहिले. वाचता दोघांनाच येतं. एक वाचायचा, बाकीचे ‘निर्जन’ म्हणजे काय ते विचारायचे.

केवळाबाईनं माझीच समजूत काढली. “चुकून झालं आसंल. तुला काय ठावं. डिप्टी सायबाला सांग न, येळवस व्हती मनून.” मी म्हटलं, पाहू.

सटवाजीनं मात्र परभणीहून वकिलाकडून दरखास्त लिहवून आणली. वकील डोक्याचा दिसतो. मुद्दा एकच आहे: येळवशीला गाव रानात असतं हे पंचनाम्याचा दिवस नेमतानाच ओव्हरसियरला माहीत होतं का? माहीत असेल तर पंचनामा रद्द. आणि नोकरीही गेली, वर खटला. माहीत नसेल तर पंचनामा कायम, चाळीस घरं गेली. २८ तारखेला पेशी.

दिवस नेमण्याआधी मला सांगितलं होतं ते एकाच माणसानं. सटवाजीनं तिलाच साक्षीला धरलंय.

२७ जानेवारी, सोमवार

आठ दिवस जेवण जात नाही. आज केवळाबाईनं ताट पुढे ठेवलं आणि समोरच बसली. “काय झालं त्ये सांग.”

मी म्हटलं, “उद्या तुम्ही सांगितलंत की मला येळवशीचं ठाऊक होतं, तर माझी नोकरी जाईल. तुरुंगही होईल. त्याचं काही नाही. पण गावी आई अंथरुणाला खिळलेली आहे. माझ्याशिवाय तिला कुणी नाही.”

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. वाक्य आपोआपच तोंडातून आलं आणि चांगलं वठलं. आवाज मधेच कापरा झाला तो मात्र खरा होता, कारण मी खरोखरच घाबरलो आहे.

तिनं ताट माझ्याकडे आणखी सरकवलं. मग म्हणाली, “मंग आमच्या घराचं कसं रे?” मी म्हटलं, “ते मी बघतो.” काय बघतो, ते मलाही ठाऊक नव्हतं. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

२८ जानेवारी, मंगळवार

तहसिलीच्या दालनात गल्ली लोटली होती. डेप्युटीसाहेब मुंबईकडचे, घाईत.

उमाजीला सटवाजीनं पाठीवर घालून आणलं. म्हातारा साहेबांच्या टेबलाऐवजी खिडकीकडे तोंड करून बोलत होता. “मी घरातच व्हतो सायेब. कुनीतरी आलं. म्या पानी मागितलं. त्यानं माजी मान धरून पानी पाजलं. देव त्याचं भलं करो. पन मंग कागदावर मी न्हाई कसा?”

मला उठावंच लागलं.

“बाबा, पाणी पाजणारा मी होतो, हे तुम्ही पाहिलंत?”

“मला दिसत न्हाई बाबा.”

“त्याचा आवाज ऐकलात?”

“त्यो बोललाच न्हाई.”

“म्हणजे पाहिलं नाही, ऐकलं नाही. स्वप्नातही माणूस पाणी पितो.” मुनीम हसले, साहेबही हसले. म्हातारा आता माझ्या बाजूला वळला. “हात द्या तुमचा. मी वळखीन,” म्हणाला आणि पंजा पुढे करून थांबला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. साहेब म्हणाले, असा पुरावा कायद्यात बसत नाही. तरी त्याचा हात तसाच पुढे होता. शेवटी सटवाजीनं तो खाली केला.

मग केवळाबाई. सटवाजी निर्धास्त होता. तिनं मला जेवायचं बोलावणं दिलं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त ऐकलेलं कुणी नव्हतं.

साहेबांनी विचारलं, “येळवशीला सगळे रानात जातात, हे तुम्ही यांना आधी सांगितलं होतं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“न्हाई सायेब. म्या काई सांगितलं न्हाई. परगावचं लेकरू, त्याला काय ठावं?”

सटवाजी म्हणाला, “मावशे, काय बोलायलीस?” ती म्हणाली, “खरं त्येच बोलायलेय,” आणि पदर तोंडावर घेऊन खाली बसली.

दरखास्त फेटाळली. केवढं ओझं उतरलं. बाई हुशार निघाली. घराचं बघतो म्हटलं होतं ते तिनं बरोबर ध्यानात ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गल्लीनं केवळाबाईला वाळीत टाकलंय. विहिरीवर तिची घागर आली की बाकीच्या बाया आपल्या घागरी काढून घेतात. सटवाजीच्या बायकोनं तिच्या दारात भाकरी आणून टाकली, कधीकाळी उसनी घेतलेली असावी. इतक्या वर्षांचा शेजार, पण कृतज्ञता म्हणून नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “त्यायचं बरुबर हाय.” या लोकांचं तर्कशास्त्र मला कळत नाही.

१० मार्च, सोमवार

शनिवारी पाडायला सुरुवात केली. मातीच्या भिंती दोन पहारींत बसतात. चार दिवस धरले होते, अडीच दिवसांतच झालं; माणूस आढळलेला म्हणून कडेचा सतरा नंबर तेवढा तूर्त उभा आहे. स्टेशनच्या बाजूनं उभं राहिलं की पहिल्यांदाच मोंढा सरळ दिसतो. इतकी सरळ रेघ मी कागदावरसुद्धा काढली नव्हती.

काही जण मेंढरं घेऊन गावोगाव पांगले, काही रुळांपलीकडे पालं टाकून आहेत. उमाजीला चारठाण्याला पाव्हण्यांकडे नेत होते. गाडीतच गेला म्हणतात. त्याचं वय झालेलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

गंमत झाली. ज्या घरात माणूस आढळला त्याला नव्या पेठेमागे जागा द्यायची, असा हुकूम. एकेचाळीस घरांत असं घर एकच: नंबर सतरा, वहिवाटदार दिनकर. आबासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जागा केवळाबाईच्या नावे करावी असं माझ्या मनात आलं होतं, हे इथं नमूद करतो. पण मग ती त्या घरात राहत होती हे लिहावं लागेल. ती राहत होती तर पंचनाम्यात नाव का नाही? एक नोंद दुरुस्त केली की चाळीस उघडतात. सही करून जागा घेतली. पाडलेल्या घरांच्या पायांतले दगड पडलेलेच आहेत, दोन खोल्या सहज होतील.

१९ मे, सोमवार

नव्या घरात आलो. नेमणूकही कायम झाली. केवळाबाईला मागची खोली दिली आहे. भाडं घेत नाही. तिनं स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची. वावर अर्धेलीनं दिलं, मेंढ्या विकल्या. लेकीकडे का जात नाही विचारलं, तर म्हणे जावयाच्या दारात कसं राहायचं? माझ्या दारात राहते ते तिला चालतं.

एकच कटकट आहे. “तुज्या मायला घिऊन ये. आता घर झालंय. मी करीन तिचं समदं.” रोज. एक घोंगडीही विणून घेतली आहे आईसाठी, म्हाताऱ्या हाडांना ऊब पाहिजे म्हणून. माझी पुढची खोली दोनदा सारवली, आईची बाज कुठं मांडायची ते ठरवलं. मी म्हणतो, पाऊस संपू दे.

६ जून, शुक्रवार

आज नव्या पेठेचं उद्‌घाटन. आबासाहेबांनी भाषणात माझं नाव दोनदा घेतलं. जिलेबीचं जेवण. घरी आलो तो खुशीत होतो. केवळाबाई दारातच. स्टेशनवर जाऊन साताऱ्याची गाडी कुठं बदलायची ते विचारून आली होती. “तुला टाईम नसंल तर मी जाते आनायला. पत्ता लिवून दे.”

किती दिवस हे सांभाळायचं? काम झालेलं, हुकूम निघालेले, आता लपवण्यासारखं राहिलंय काय? सरळ सांगितलं, “बाई, माझी आई जाऊन सहा वर्षं झाली.”

“मंग त्या दिशी?”

“त्या दिवशी गरज होती.”

मला वाटलं रागावेल. तिनं नुसतं विचारलं, “म्हंजी तुजी माय न्हवतीच?” मी म्हटलं, नव्हती. ती आत गेली आणि भाकरी टाकायला बसली. मला जेवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी चार भाकऱ्या टाकल्या.

९ जून, सोमवार

केवळाबाई शनिवारी सकाळपासून नाही. लुगडी आणि पितळी तांब्या नेला. घोंगडी इथंच आहे. मुलीकडे गेली असेल, येईल दोन दिवसांत. म्हाताऱ्या माणसांचे रुसवे फार दिवस टिकत नाहीत.

११ जून, बुधवार

ती चुडाव्याला गेलेलीच नव्हती. डेप्युटीसाहेबांच्या कचेरीत कारकून भेटला, त्यानं सांगितलं. सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेली. आत येऊन म्हणाली, “म्या पेशीत खोटं बोलले. मी त्याला सांगितलं व्हतं. लिवून घ्या.”

मी कचेरीचं दार लोटून घेतलं. कारकून हसला. म्हणाला, “घाबरता काय? ऐका तर पुढं.”

त्यानं रीतसर विचारलं, नाव? केवळाबाई. राहणार? धनगर गल्ली, घर नंबर सतरा. अशी गल्ली आता नाही, तेव्हा त्यानं पंचनामा काढून पाहिला. सतरा नंबरमध्ये आढळलेली व्यक्ती एकच, वहिवाटदार दिनकर. दुसऱ्या कुणाचं नाव नाही. तो म्हणाला, “बाई, तुम्ही त्या घरात राहतच नव्हता. मग तुमचं कशाचं लिहून घेऊ?”

ती म्हणाली, “माजं बाळंतपण त्याच घरात झालंय. नवरा त्याच घरात मेला.” कारकुनानं कागद तिच्याकडे फिरवला. तिला वाचता येत नाही. तरी ती बोट ठेवून तो कागद बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, “बरं, मी कुटं व्हते त्ये तरी ह्याच्यात बगून सांगा.”

कचेरी बंद होईतो व्हरांड्यात बसून होती. नंतर पट्टेवाल्यानं उठवलं. तिथून रुळांपलीकडे सटवाजीच्या पालाकडे गेली असं कुणी म्हणतं, त्यांनी उभं केलं नाही असंही म्हणतात. पुढचं कुणाला माहीत नाही.

ती त्या घरात राहतच नव्हती तर जानेवारीत तिची साक्ष कशी धरली, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती. कुणी विचारलं नाही. विचारील असं माणूसही आता त्या कचेरीकडे फिरकत नाही.

मागची खोली झाडून घेतली. स्टेशनजवळच्या खानावळीत उद्यापासून सांगून ठेवलंय. तिथं भाकरीचं आधी ठरवावं लागतं.